उशाची भिंत

गेल्या जूनमध्ये माझी भाची आमच्या गावी, माकणीला आली ती सीईटीचा निकाल घेऊनच. लातूरला बारावी केलेली, पहाटे साडेचारला उठून क्लास गाठणारी मुलगी. गुण चांगले होते आणि घरात दोन तट पडले होते. बहिणीला ती कॉम्प्युटरला जायला हवी होती. मेहुण्यांचं म्हणणं, बीएस्सी करून स्पर्धा परीक्षा द्यावी. मला वाटलं होतं ती विचारेल, कोणती शाखा घेऊ. रात्री अंगणात बाज टाकून बसलो तेव्हा तिने वेगळंच विचारलं. "मावशी, तू इंजिनियर झालीस, ते बरोबर केलंस असं तुला वाटतं का?"

वीस-बावीस वर्षं या धंद्यात काढली, पण हा प्रश्न इतका सरळ मला कुणी केला नव्हता. उत्तर तयार नव्हतं. सकाळी तिला आमच्या जुन्या घराकडे नेलं. त्या घराच्या पाठच्या भिंतीचा उरलेला भाग अजून उभा आहे. माझं जे काही ठरलं त्याची सुरुवात तिथली आहे.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून आम्ही उशिरा निजलो. मी सातवीत होते. आम्ही बहिणी मधल्या खणात पाठच्या भिंतीकडे उसं करून झोपायचो. आजी पलीकडच्या खणात, त्याच भिंतीला डोकं करून. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमिनीखालून जो आवाज आला तो मला लिहिता येणार नाही, मी प्रयत्न करून पाहिला आहे. धूळ बसली तेव्हा आमच्या उशाची भिंत बाहेरच्या बाजूला, उकिरड्यावर पडलेली होती. आतली बाजू जागच्या जागी होती आणि आमच्या अंगावर नुसती माती होती. आजीच्या बाजूला भिंत आत पडली होती.

वर माळवद तसंच होतं. सागाचे खांब, तुळया, त्यावर फळ्या आणि दीड-दोन फूट पांढरी माती, हे सगळं वजन खांबांवर उभं राहिलं. मेली ती माणसं भिंतीखाली. शेजारच्या सास्तूरला, पलीकडे किल्लारीला हेच झालं. सरकारी आकडा सात हजार नऊशेच्या पुढे गेला. सास्तूरला आमच्या वर्गातल्या मुलींचे नातेवाईक होते. दिवाळीनंतर वर्गात हजेरी घेताना गुरुजी काही नावांपाशी थांबायचे आणि पुढे जायचे.

मला एकच गोष्ट समजत नव्हती. भिंत एक, बांधणारा गवंडी एक, दगड एकाच खाणीतला. मग चार हातांच्या अंतरावर ती एकीकडे बाहेर आणि एकीकडे आत कशी पडली? मोठ्या माणसांना विचारलं तर कुणी देवाचं नाव घ्यायचं, कुणी गप्प बसायचं. वडील म्हणायचे, आपलं नशीब. नशिबाने माझं समाधान होत नव्हतं, कारण नशीब जर असेल तर ते भिंतीतून आलं होतं, आणि भिंत मला दिसत होती. तुटलेल्या टोकाशी उभं राहिलं की तिच्या पोटातलं सगळं उघडं पडलेलं होतं.

त्या वर्षी आमच्या भागात खूप शिकलेली माणसं आली. किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल भोक पाडलं, काळ्या पाषाणाच्या खाली काय आहे ते बघायला. आमचं धरणही चर्चेत आलं. तेरणेवरचं निम्न तेरणा, ज्याला सगळे माकणीचं धरण म्हणतात, ते भूकंपाच्या काही वर्षं आधीच झालं होतं. १९६७ चा कोयनेचा भूकंप लोकांच्या आठवणीत होताच, त्यामुळे पाणी साठल्यानेच जमीन हलली असं गावोगाव बोललं जाई. शास्त्रज्ञांतही दोन मतं होती, आणि आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारीला बसलेले अनेक लहान धक्के दोन्ही बाजूंचे लोक पुराव्यात काढत. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. पण ज्यांना माहीत आहे ती माणसंसुद्धा "अजून बघावं लागेल" म्हणतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या घरात तोवर ज्याला माहीत असतं तो ठासून बोलायचा.

भिंतीचं उत्तर मला माझ्या मावशीने दिलं. माझी मावशी उमरग्याकडच्या एका गावात दिलेली, चौथी पास. जागतिक बँकेच्या मदतीने सरकारने भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम काढला होता. ५२ गावं नव्या जागी उठवून बसवली. तिथे ज्याच्याकडे जमीन नाही किंवा थोडी आहे त्याला २५० चौरस फुटांचं घर, मधल्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. पण जी शेकडो गावं उठवायची नव्हती तिथे लोकांनी सरकारी मदत घेऊन आपापली घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. तिथे लोक आणि अधिकारी यांच्यामध्ये बोलायला गावातल्याच बायका नेमल्या. त्यांना संवाद सहाय्यक म्हणत. मावशी त्यातली एक.

१९९७ च्या मे महिन्यात, दहावीची परीक्षा देऊन मी तिच्याकडे महिनाभर राहिले. ती घरोघर जायची आणि टेपचं दुसरं टोक मी धरायची. पहिल्याच दिवशी तिने एका घरमालकाला भिंत समजावून सांगितली. दोन्ही तळवे समोरासमोर धरले, मध्ये बोटभर जागा ठेवली. "ही तुमची भिंत. एक नाही, दोन भिंती हायत. हिकडून एक रचली, तिकडून एक रचली, मधी खडी अन् माती भरली. हलली की ही हिकडं जाती, ही तिकडं जाती." मग तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली आणि ओढून दाखवलं. "दर दोन-तीन हातावर ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पोचणारा एक दगड पायजे. मग कशी फाकल?"

मी तिथेच बसले. चार वर्षं माझ्या डोक्यात अडकून राहिलेली गोष्ट त्या बाईने दोन हातांनी सोडवली होती. आमच्या बाजूला बाहेरची फळी बाहेर गेली, आजीच्या बाजूला आतली फळी आत आली. भिंत एक नव्हतीच. जुन्या गवंड्यांना आरपार दगड माहीत होता. पण लांब दगड महाग पडतो, घडवायला वेळ लागतो, आणि शंभर वर्षं जमीन हलली नाही तर तो कशासाठी घालायचा हेही विसरायला होतं. एका लांब दगडाची किंमत काय असते, ती मी त्या दिवशी आजीशेजारी ठेवून पाहिली.

जूनमध्ये घरी सांगितलं, मला तंत्रनिकेतनला जायचंय, सिव्हिलला. वडिलांचा बेत ठरलेला होता: अकरावी-बारावी, मग डी.एड. त्या काळात आमच्याकडे शिकणाऱ्या मुलीला डी.एड. म्हणजे सोन्याची खाण वाटायची. जिल्हा परिषदेची शाळा, गावाजवळची नोकरी, लग्नाला सोपं. वडील वाईट सांगत नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर तेच सांगितलं असतं. वसंतदादांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट करून दिल्यापासून इंजिनियर होणं खेड्यापर्यंत आलं होतं, धाराशिवला आमच्या तेरणेच्याच नावाचं कॉलेज होतं, पण गावातून तिकडे जायची ती मुलं. बाई साइटवर काय करणार, हा प्रश्न वडिलांनी मला विचारला नाही, आईला विचारला. आई म्हणाली, "तिच्या मावशीनं काय केलं ते बगा की." त्यावर वडील दोन दिवस बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः माझा दाखला काढून आणला.

लातूरच्या पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षं काढली. पहिल्या वर्षी उपयोजित यांत्रिकीत मी नापास झाले. हे सांगते, कारण भाचीला वाटत होतं की ज्यांना गणित पहिल्यापासून येतं तीच माणसं यात टिकतात. माझी अडचण गणिताची नव्हती, इंग्रजीची होती. 'मोमेंट' या शब्दाचा मला क्षण एवढाच अर्थ माहीत होता आणि फळ्यावर तो न्यूटन-मीटरमध्ये मोजला जात होता. सहा महिने मी पाठ करत राहिले. मग एका वर्गमैत्रिणीच्या वडिलांनी, ते शेतकरी होते, खोलीवर आले असताना आमचं बोलणं ऐकून विचारलं, "गाडी उलाळती तेच का हे?" उसाची मोळी मागे जास्त झाली की धुरा वर उठतो. मागचं वजन फार नसतं, आसापासून लांब असतं म्हणून भारी पडतं. वजन गुणिले अंतर. त्या रात्री मी तीन प्रकरणं सलग वाचली. आपल्या घरात, शिवारात ज्या गोष्टी रोज घडतात त्यांचं नाव कुणी सांगितलं नाही म्हणून कितीतरी मुलं स्वतःला ढ समजून बाहेर पडतात, याचा मला आजही राग येतो. २०२१ पासून काही कॉलेजांत मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला सुरुवात झाली ही मला फार मोठी गोष्ट वाटते, मग तिथे आज मुलं किती का असेनात.

२००० मध्ये डिप्लोमा झाला आणि एका ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर म्हणून लागले. आता जे सांगायचं ते मी भाचीला सांगितलं तेवढंच सांगते.

शाळेच्या तीन खोल्यांचं काम होतं. खांबांमधल्या उभ्या सळयांना आडव्या रिंगा बांधतात. नकाशात खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रिंगा १०० मिलिमीटरवर होत्या. जमीन हलते तेव्हा खांब टोकाशी फुटतो, म्हणून तिथे रिंगा जवळजवळ हव्या असतात. काँक्रीट ओतण्याआधी कुणीतरी त्या मोजायच्या आणि वहीत सही करायची, ही रीत. ती सही माझी होती. त्या दिवशी मला ताप होता, संध्याकाळ झाली होती, मिक्सर भाड्याने आणलेला उभा होता. मी दोन खांब मोजले आणि आठांवर सही केली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या रिंगांचा ढीग दिसला. जितका उरायला हवा होता त्याच्या दुपटीहून जास्त. सहा खांबांत टोकालासुद्धा आठ-आठ इंचांवर रिंगा गेल्या होत्या आणि काँक्रीट कडक झालं होतं. मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "काही होत नाही. आपल्याकडे सगळी कामं अशीच उभी आहेत."

अशीच उभी होती आमची भिंतही.

मी लेखी काही दिलं नाही. वीस वर्षांची होते, घाबरले होते, आणि सही माझीच होती. महिनाअखेरीला नोकरी सोडून माकणीला आले आणि घरात सांगून टाकलं की हे काम माझ्याच्याने होणार नाही. वडिलांनी टोमणा मारला नाही. बारावी बाहेरून करून डी.एड. करता येईल का याची चौकशी केली. त्या महिन्यांत मी रोज संध्याकाळी धरणाच्या बांधावर जायची. मातीचं एवढं लांब धरण, आणि त्याच्या पायथ्याशी एका चरातून झिरपणारं पाणी मोजायची सोय केलेली असते. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं ते झिरप अचानक वाढली किंवा गढूळ झाली तर. म्हणून कुणीतरी ते बघत राहायचं, लिहीत राहायचं. एवढ्या मोठ्या कामाच्या जिवाची राखण अशा कंटाळवाण्या नोंदीवर असते. मला वाटायचं, मी यासाठी लायक नाही, कारण मी एका संध्याकाळी मोजायला कंटाळले.

२६ जानेवारी २००१ ला भूज हललं. आमच्या भागातल्या संवाद सहाय्यक बायकांचा गट कच्छला गेला, त्यात मावशी होती. ती परत आली ती थेट माकणीला, पिशवीसकट. तिकडची गावं तिने सांगितली. दगड, माती, तीच दोन फळ्यांची भिंत. भाषा वेगळी, पण तळवे धरून दाखवलं की बायकांना कळत होतं. मग म्हणाली, "एका म्हातारीनं मला इचारलं, निम्मी भिंत पडली, निम्मी उभी हाय, हिच्यावर परत बांधू का पाडू? मला सांगता येईना. तू शिकलीस न्हवं? काय सांगायचं तिला?"

मलाही सांगता येईना. तीन वर्षं शिकून, प्रथम श्रेणीचा कागद घेऊन मला एका म्हातारीच्या निम्म्या भिंतीबद्दल काही सांगता येत नव्हतं. मावशी माझ्याकडे बघत राहिली. तिने रागावून काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "मग शीक की अजून."

त्याच वर्षी मी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. मी इंजिनियर व्हायचं दुसऱ्यांदा ठरवलं, आणि यावेळी मला माहीत होतं की मी काय ठरवतेय. शिकत असतानाच, २००२ मध्ये, भूकंपरोधक रचनेचं भारतीय मानक क्रमांक १८९३ नव्याने निघालं. त्याच्या जुन्या नकाशात किल्लारीचा भाग पहिल्या क्षेत्रात होता, म्हणजे देशातला सगळ्यात कमी धोक्याचा. नव्या नकाशात ते पहिलं क्षेत्रच काढून टाकलं आणि आमचा भाग तिसऱ्यात गेला. वर्गात सरांनी तो नकाशा लावला तेव्हा मी उठून जवळ गेले आणि आमचा टापू शोधला. जिथे आजी मेली तिथल्या नकाशाचा रंग नऊ वर्षांनी बदलला होता. नकाशा ज्यांनी केला होता ते अडाणी नव्हते, त्यांनी हाती होत्या त्या नोंदींवरून केला होता. तरी तो चुकला. मी बांधते त्यातही असं काहीतरी असेल जे आज कुणालाच माहीत नाही, हे मनात ठेवूनच मी हिशोब करते.

नोकरीच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुण्यात सात वर्षं डिझाइन ऑफिसात काढली, बारा-बारा तास संगणकावर. पगार बरा होता. मग लातूरला आले आणि जुन्या बांधकामांचं काम धरलं: दगडी वाडे, शाळा, देवळं. नवीन इमारतींपेक्षा यात पैसा कमी आणि धूळ जास्त. त्या तीन खोल्यांसाठी मी २००८ मध्ये लेखी अर्ज दिला, माझ्या सहीसह, काय झालं होतं ते लिहून. तो लिहायला मला आठ वर्षं लागली. तपासणी झाली, सहा खांबांना बाहेरून नवी सळई बांधून काँक्रीटचं वेष्टन चढवलं गेलं. त्या कामाची प्रत्येक रिंग मी मोजली.

हे सगळं भिंतीपाशी उभं राहून सांगितलं. भाची गप्प ऐकत होती. मग तिने विचारलं, "आणि त्या म्हातारीला काय सांगायचं असतं?" मी तिला ओळंबा काढून दिला. ओळंबा सोडून भिंत किती कलली ते बघायचं. मध्ये पोट सुटलंय का ते बघायचं, कारण पोट सुटलं म्हणजे दोन फळ्या आतून सुट्या झाल्या. हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ऐकायचं. कोपरा सांधलेला आहे की चिरलेला, ते बघायचं. आणि हे सगळं लिहून काढायचं. आईला त्या भिंतीला पत्रे टेकवून गोठा करायचा होता, म्हणून हा नुसता अभ्यास नव्हता. भाचीने तासभर मापं घेतली, वहीत लिहिली, आकृती काढली. पोट दीड इंच, असं तिने लिहिलं.

तिला मी काय सल्ला दिला? कॉम्प्युटरला जाऊ नको असं म्हटलं नाही. आज रुग्णालयाची यंत्रं, रेल्वेचे सिग्नल, बँकेतले पैसे प्रोग्रॅमवर चालतात, तिथेही कुणाची तरी उशाची भिंत असतेच. पगार, शाखा, कॉलेजचं नाव, या गोष्टी महत्त्वाच्या आहेत आणि त्या तिने विचाराव्यात, मीही विचारल्या होत्या. फक्त एक गोष्ट तिने स्वतःला विचारावी असं मी म्हटलं: तू लिहिलेल्या आकड्याच्या भरवशावर कुणी अनोळखी माणूस झोपणार आहे, हे तुला चालेल का? भीती वाटते म्हणाली तर ते नापास होणं नव्हे. मला अजून वाटते.

ऑप्शन फॉर्म भरायच्या आदल्या रात्री लातूरहून तिचा फोन आला. पहिले चार पर्याय कॉम्प्युटरचे टाकलेत, पाचव्यापासून सिव्हिल, असं म्हणाली, आणि उद्या दुपारपर्यंत क्रम बदलेलही. मग थोडं थांबून विचारलं, "मावशी, ते भिंतीचं माप तू परत बघितलंस का? मी ओळंबा धरला तेव्हा वारा होता."

मी बघितलं नव्हतं. मी त्या दिवशी माकणीतच होते. सकाळी उठून गेले, वारा पडलेला असताना ओळंबा सोडला, तीन ठिकाणी मोजलं. पोट अडीच इंच निघालं. आईला सांगितलं की गोठा या भिंतीला टेकवायचा नाही, भिंत उतरवायची. भाचीला फोन करून आकडा सांगितला.

ती म्हणाली, "एक इंच चुकलं माझं. थांब, पाडू नका अजून. रविवारी येते, मला मोजू दे."